एका दिवसात आठ व्हर्मीर

प्रश्न : मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला निवृत्त चित्रकला शिक्षक. कापूस निघाला की लेकीकडे न्यू जर्सीला जाणार आहे. जावई एक दिवस न्यू यॉर्कला नेतो म्हणतात. डच चित्रकार व्हर्मीरची चित्रं कुठे पाहू? गुडघे दुखतात.

उत्तर : गुरुजी, जगात व्हर्मीरची चित्रं जेमतेम पस्तीस-सदतीस. त्यातली ५ मेट संग्रहालयात आणि ३ फ्रिक संग्रहालयात. दोन्ही फिफ्थ अव्हेन्यूवर, मध्ये साधारण एक किलोमीटर. फ्रिक मंगळवारी बंद, मेट बुधवारी. ते दोन वार टाळा.

मेट अवाढव्य आहे बाप्पा! सगळं बघायच्या नादी लागाल तर गुडघे पहिल्या तासातच बोलतील. थेट डच चित्रांचं दालन विचारा आणि पाण्याची झारी धरलेल्या तरुणीसमोर थांबा. चित्र जेमतेम दीड फूट उंच. एक हात खिडकीवर, एक झारीवर. झारीखालच्या परातीच्या कडेला बघा, टेबलावरच्या गालिच्याचा लाल रंग उतरलाय. मग डोक्यावरचं पांढरं कापड. सावलीसाठी पांढऱ्यात काळा कालवणाऱ्या पोरांना तुम्ही आयुष्यभर रागावला असाल. इथं सावलीत निळा आहे. अमेरिकेत आलेला हा पहिला व्हर्मीर, १८८७ साली विकत घेतलेला.

फ्रिकमध्ये पिवळ्या जाकिटातली मालकीण आणि तिची मोलकरीण, हे चित्र चुकवू नका. ज्याचा हा संग्रह, त्या हेन्री फ्रिकनं ते १९१९ मध्ये घेतलं आणि त्याच वर्षी तो गेला. दालनांत फोटो काढू देत नाहीत, जावयांना आधीच सांगा. नातवंडं दहा वर्षांच्या आतली असतील तर त्यांना मात्र तिथं प्रवेश नाही.