उन्हाळा लागला की टेरेसवरची झाडं सुकायला लागतात, दोन वेळा पाणी देऊनही असं का होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागेत टेरेसवर 25-30 कुंड्या आहेत, मार्च लागल्यापासून सकाळ-संध्याकाळ पाणी घालताय तरी दुपारी झाडं माना टाकतात, पानांच्या कडा करपल्यात, आणि नर्सरीवाल्यानं सांगितलंय म्हणून खत बदलायचं का असं विचारताय. खताला आत्ता हात लावू नका. आधी एक कुंडी उकरून बघा, मग पुढचं.

जुना चमचा किंवा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि कुंडीच्या कडेनं 4-5 इंच खोल माती उकरा. माझी खात्री आहे की वरचा इंचभर ओला लागेल आणि खाली माती ढेकळासारखी कोरडी असेल. आपल्याकडं कुंडीत सगळे काळी मातीच भरतात कारण तीच मिळते, आणि ही माती वाळली की आकसते, शेतात भेगा पडतात ना तसंच कुंडीत होतं, मातीचा गड्डा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि मधे बारीक फट पडते. मग तुम्ही तांब्याभर पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर. खालून पाणी आलेलं दिसतं म्हणून आपल्याला वाटतं झालं, पोटभर प्यायलं, पण मुळं मधल्या गड्ड्यात असतात आणि तिथं थेंब पोचलेला नसतो. असं दिवसातून चार वेळा केलं तरी झाड उपाशीच.

यावर उपाय सोपा आहे. लहान-मध्यम कुंड्या असतील तर टबात किंवा घमेल्यात पाणी घेऊन कुंडी त्यात ठेवा, पाणी कुंडीच्या काठाच्या जरा खाली राहील एवढं, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हलवू नका, अर्धा-पाऊण तास लागतो. मोठ्या कुंड्या उचलत नाहीत, त्यांची वरची माती हलक्या हातानं मोकळी करा, कडेची फट बोटानं दाबून बुजवा आणि थोडं थोडं पाणी दोन-तीन हप्त्यात घाला, पहिलं मुरलं की दुसरं. एकदा का गड्डा आतपर्यंत भिजला की मग रोज दोनदा लागत नाही, सकाळी एकदा भरपूर दिलं तरी बऱ्याच झाडांना पुरतं.

काही कुंड्यात मात्र उलटं निघेल, उकरल्यावर चिखल लागेल आणि कुबट वास येईल. तिथं भोक बुजलंय, मुळं कुजायला लागलीत. गंमत बघा, कुजलेल्या मुळांना पण पाणी ओढता येत नाही म्हणून ते झाड पण मान टाकूनच उभं असतं, आणि आपण बिचाऱ्याला अजून पाणी घालतो. म्हणून झाड बघून पाणी देऊ नका, माती बघून द्या. दुपारी 2 वाजता जास्वंदीची, भोपळ्याची पानं लोंबली तर घाबरायचं नाही, त्या वेळी पानातून पाणी इतकं उडतं की मुळं भरपूर ओल्यात असली तरी पुरवू शकत नाहीत. ऊन उतरल्यावर पानं उभी राहिली तर झाड ठणठणीत आहे. सकाळी 7 ला पण मरगळलेलं दिसलं तरच काहीतरी बिघडलंय म्हणायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, माती उघडी ठेवू नका. सांगलीत एप्रिलमधे पारा 40 च्या आसपास जातो, स्लॅब तापतो, आणि त्या उघड्या मातीतून दिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, मार्चपर्यंत ऊस तुटून जातो आणि फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, नुसतं पडलेलं असतं, लोक पेटवून देतात. कुणीतरी ओळखीचं शेतकरी असतंच, एक पोतं मागून आणा, कात्रीनं बोटभर तुकडे करा आणि पाणी दिल्यावर ओल्या मातीवर 2-3 इंच थर टाका. खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं. पाचट नाही मिळालं तर भुईमुगाची टरफलं, वाळलेली पानं, हळदीचा वाळलेला पाला, काहीही चालतं. जमिनीतल्या पेरू-लिंबाला पण हेच, फक्त आळं खोडाजवळ करू नका, फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथवर मोठं करा कारण पाणी पिणारी मुळं तिकडं असतात, आणि पाचटात वाळवी लागत नाही ना यावर लक्ष ठेवा.

कुंड्या डायरेक्ट स्लॅबवर ठेवल्या असतील तर खाली दोन-दोन विटा द्या. काळ्या ग्रो बॅग असतील तर त्या भट्टीसारख्या तापतात, कडेची मुळं अक्षरशः भाजतात, त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा. मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या बाजूला लावा आणि लहान त्यांच्या मागं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन लहानांवर येत नाही. हिरवं शेडनेट घेणार असाल तर 50 टक्केवालं घ्या, त्याच्यापेक्षा दाट नको, आणि डोक्याच्या वर बांधा म्हणजे खालून वारं खेळतं. वळवाच्या पावसाआधी जे वावटळ सुटतं त्यात नेट फाटून खांब सुद्धा आडवे होतात, म्हणून आभाळ भरून आलं की नेट गुंडाळून ठेवायची सवय लावा.

मोगरा नेटखाली अजिबात घेऊ नका!! त्याला कडक ऊनच पाहिजे, आत्ताच त्याचा सीझन आहे. एक बहर संपला की फुलं आलेले शेंडे दोन पानं ठेवून छाटा, नवीन फुटव्यावरच कळी येते.

पानांच्या कडा करपण्याचं अजून एक कारण असू शकतं, तुम्ही बोअरचं पाणी घालताय का ते लिहिलं नाहीये. कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर दिसतोय का बघा. कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात ते आपण बघतोच, कुंडीत तेच लवकर होतं कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. थर दिसला तर तो खरवडून टाका आणि अधूनमधून नळाचं पाणी इतकं घाला की खालून धो धो वाहून जाईल, क्षार त्याच्याबरोबर जातात. आणि म्हणूनच खत आत्ता नको म्हणतेय, कोरड्या मातीत रासायनिक खत म्हणजे अजून क्षार. द्यायचंच असेल तर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मूठभर, पाचटाच्या खाली. कुंडी बदलणं, माती बदलणं हे सगळं मृग लागल्यावर करा, तेव्हा काळ्या मातीत निम्मं शेणखत आणि कोकोपीट मिसळा म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात गड्डा आकसणार नाही.

किडीचं थोडक्यात. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, आणि पानं धुरकट होऊन मागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, कोरड्या हवेत तो फार वाढतो. दोन्हीला आधी पाण्याचा जोरात फवारा पानाच्या मागून मारा, निम्मं काम त्यातच होतं. राहिलंच तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा शाम्पू, पण ऊन गेल्यावरच, नाहीतर तेलानं पानं जळतात.

भाजी लावायची म्हणालात तर भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा आत्ता छान येतात. कोथिंबीर सावलीतच, आणि तरी लवकर फुलावर जाईल. टोमॅटोची फुलं गळतायत ते उन्हामुळं, 35 च्या वर गेलं की फळ धरत नाही, औषधं मारून पैसे घालवू नका.

मे मधे गावाला जाणार असाल तर सगळ्या कुंड्या जिन्याच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, आदल्या दिवशी टबात बुडवून काढा, आणि जी जास्त तहानेली झाडं आहेत त्यांच्याशेजारी पाण्याची बादली जरा उंचावर ठेवून सुती कापडाची जाड वात बादलीतून मातीत खोचा. चार-पाच दिवस निघतात, त्याच्यापेक्षा जास्त असेल तर शेजाऱ्यांकडं किल्ली द्या.