आईची हाडांची आठवड्याची गोळी चहाबरोबर चालेल का? (वय ६४, निपाणी, छातीत जळजळ होते)

नाही ताई, अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम फक्त साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटीच घ्यायची. तशी घेतली तरी जेमतेम अर्धा-पाऊण टक्काच अंगी लागते. चहा, दूध किंवा कॅल्शियम सोबत गेलं तर जवळजवळ वायाच. गावच्या बाजाराचा वार धरा, म्हणजे विसरणार नाही. सकाळी उठल्या उठल्या गोळी न चघळता ग्लासभर पाण्याबरोबर गिळायची, मग अर्धा तास बसायचं किंवा चालायचं, आडवं व्हायचं नाही, आणि त्यानंतरच चहा. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत द्या. गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम होते, म्हणून जळजळ अंगावर काढू नका. पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम हा चांगला पर्याय आहे. डेनोसुमॅबचं इंजेक्शनही आहे, पण ते दर सहा महिन्यांनी घ्यावंच लागतं, चुकवून चालत नाही. मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. मात्र यातलं कुठलंही औषध सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायलाच हवं, आणि दात काढायचा असेल तर तो आधी उरकून घ्या.