वाचकांचे प्रश्न : जुनं पुस्तक कुठं चालतं, कुठं चालत नाही

गेल्या अंकात एका वाचकाला मी लिहिलं होतं, की चांगलं पुस्तक आणि रोज बसायची तयारी असेल तर प्रोग्रॅमिंग शिकायला क्लास लागतोच असं नाही. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं तेही सांगा. म्हणून या वेळी फक्त पुस्तकांचीच पत्रं घेतली आहेत. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणं हा माझा व्यवसाय, आणि संध्याकाळी मी मुलांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यामुळं उदाहरणंही इथलीच येतील.

प्रश्न : मॅडम, मी बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका सीनियरकडं पीएचपी आणि मायएसक्यूएलचं जाड पुस्तक दीडशे रुपयांत मिळतंय. नवं घ्यायचं तर हजाराच्या घरात जातं. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, त्यांच्याकडं एवढे पैसे मागवत नाहीत. जुनं घेऊ का?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : पैसे देण्याआधी पुस्तक तासभर घरी घेऊन ये. सगळ्यात आधी मुखपृष्ठामागचं बारीक अक्षरातलं पान वाच. तिथं दोन प्रकारची सालं असतात. ‘रीप्रिंट २०१८’ एवढं बघून मुलं खूश होतात, पण पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. आवृत्ती कोणत्या सालची ते शोध. आवृत्ती २००९ ची असेल तर छपाई कितीही ताजी असो, आतली पीएचपी २००९ चीच.

पीएचपी ही वेबसाइटच्या मागचं काम करणारी भाषा आणि मायएसक्यूएल हा माहिती साठवणारा डेटाबेस. या दोघांची जोडणी करायचं प्रकरण मग उघड. तिथल्या फंक्शनचं नाव ‘मायएसक्यूएल’, अंडरस्कोर, ‘कनेक्ट’ असं असेल तर पुस्तक परत देऊन टाक. या कुटुंबातल्या फंक्शनांवर २०१३ साली, पीएचपी ५.५ मध्ये, ‘पुढं वापरू नका’ असा शेरा बसला आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. तुझ्या कॉम्प्युटरवर आज पीएचपी ८ असेल. पहिलाच प्रोग्रॅम ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ म्हणून अडेल आणि तुला वाटेल, आपल्यालाच हे जमत नाही. चांगल्या चांगल्या मुलांचा धीर मी असा खचताना पाहिला आहे, आणि चूक त्यांची नव्हतीच. त्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ किंवा ‘पीडीओ’ हे जोडणीचे नवे मार्ग दिसले तर पुढची पानं उलट.

आता लॉगिनचं उदाहरण शोध. ते प्रत्येक वेब पुस्तकात असतंच. वापरणाऱ्यानं टाकलेलं नाव टिंब देऊन थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेल्या प्रश्नाच्या, वाक्यात चिकटवलं आहे का? तसं असेल, तर कुणीही त्या चौकटीत एक अवतरणचिन्ह आणि ‘ऑर १=१’ टाकून पासवर्डशिवाय आत शिरू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. चांगलं पुस्तक पहिल्या लॉगिनपासूनच प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरतं : क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि नाव वेगळं पाठवायचं. ‘सुरक्षितता’ नावाचं वेगळं प्रकरण शेवटी देऊन आधीच्या पाचशे पानांत उघडा कोड लिहिणारी पुस्तकंही बाजारात आहेत. ती घेऊ नकोस. हाताला पहिल्यांदा जी सवय लागते तीच टिकते, आणि उद्या तू कुणाच्या तरी दुकानाचा, दवाखान्याचा डेटा सांभाळणार आहेस. त्याच उदाहरणात पासवर्ड ‘एमडी५’ या जुन्या, आता कच्च्या ठरलेल्या पद्धतीनं झाकून ठेवलेला असेल तरी नको. पीएचपीमध्ये त्यासाठी ‘पासवर्ड हॅश’ हे फंक्शन ५.५ पासून आहे.

एचटीएमएलच्या भागात फॉन्ट आणि सेंटरचे टॅग, जावास्क्रिप्टमध्ये सगळीकडं ‘व्हार’ आणि कुठंच ‘लेट’, ‘कॉन्स्ट’ नाही, असं दिसलं तर ते पुस्तक २०१५ च्या आधीच्या वळणाचं आहे. जावा घेतलेल्या मित्रांनाही एक गोष्ट सांग : सर्व्हलेटच्या, म्हणजे जावातल्या वेब प्रोग्रॅमच्या, पुस्तकात ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’नं सुरू होणारी इम्पोर्टची ओळ असेल तर ते टॉमकॅट १० या सर्व्हरवर तसंच चालणार नाही. तिथं आता ‘जकार्ता’ लिहावं लागतं.

पण त्याच सीनियरकडं डेटाबेसच्या सिद्धांताचं पुस्तक असेल तर ते बिनदिक्कत घे, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना टेबलांच्या नात्यांचं मॉडेल मांडलं ते १९७० साली. एसक्यूएलचं पहिलं प्रमाणीकरण १९८६ चं. जॉइन (टेबलं एकमेकांना जोडून माहिती काढणं), नॉर्मलायझेशन (एकच गोष्ट दोनदा न लिहिणं), ट्रान्झॅक्शन (व्यवहार पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही) हे आजही तेच आहेत. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ मी मुलांना सांगते. त्यातले सुदर्शन आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. सातवी आवृत्ती चालू आहे, सहावी मिळाली तरी तुझं काम भागेल. सगळं वाचू नकोस. सातव्या आवृत्तीतली दोन ते चार ही प्रकरणं, मग सहा आणि सात, एवढ्यावर तुझं वर्ष जाईल. सरावाच्या प्रश्नांची उत्तरं लेखकांनी पुस्तकाच्या वेबसाइटवर फुकट ठेवली आहेत.

दीडशे रुपये खर्चायचेच असतील तर ते डेटाबेसच्या जुन्या पुस्तकावर खर्च. वेबच्या जुन्या पुस्तकावर नको.

प्रश्न : ताई, माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो. मराठीत असं पुस्तक सांगा ज्यात सगळं येईल.
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : सुरुवात मराठी पुस्तकानं जरूर कर. लूप म्हणजे काय, टेबल म्हणजे काय, हे आपल्या भाषेत एकदा डोक्यात बसलं की पुढचा रस्ता सोपा होतो. पण वेब आणि डेटाबेस खोलात जाऊन शिकायचं तर इंग्रजी पुस्तकाकडं जावंच लागेल, हे तुला आत्ताच सांगितलेलं बरं.

माझ्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं येतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि पुस्तक इंग्रजी, म्हणजे त्यांची तिसरी भाषा. ती शिकतात, आणि छान शिकतात. कारण या पुस्तकांतलं इंग्रजी कादंबरीसारखं पसरट नसतं. तेच थोडे शब्द फिरून फिरून येतात : रिटर्न्स, कंटेन्स, स्पेसिफाय, असाइन, रेफर. पहिली दोन प्रकरणं जड जातात, मग वेग येतो.

निवडताना पहिलं प्रकरण वाचून ठरवू नकोस. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच गोड असतं. पुस्तकाच्या मध्यावरचं कुठलंही पान उघड. तिथं कोड आहे का? कोडच्या खाली तो चालवल्यावर काय दिसतं ते छापलंय का? तेवढं बघून, वाक्यं न वाचता, काय चाललंय याचा निम्मा अंदाज आला तर पुस्तक तुझ्या आवाक्यातलं आहे. तीन-तीन पानं नुसता मजकूर असेल तर सध्या बाजूला ठेव. आणि वाचायची पद्धत उलटी कर : आधी कोड स्वतः टाइप करून चालव, मग त्याच्या वरचा परिच्छेद वाच. समासात मराठीत लिही, बिनधास्त.

अर्ध्या तासाचं म्हणशील, तर जॉइनवरच्या पानाला इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही अर्धा तास लागतो. लागू दे.

प्रश्न : टेलिग्रामवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मग विकत का घ्यायची?
– होटगी रोड

उत्तर : ती चोरीची असतात, आणि बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीचीही. लेखकांनीच फुकट दिलेलं इतकं काही आहे, की त्याची गरजच नाही. जावास्क्रिप्टसाठी मरेन हावरबेक यांचं ‘एलोक्वेंट जावास्क्रिप्ट’ इंटरनेटवर पूर्ण वाचता येतं, २०२४ ची चौथी आवृत्तीसुद्धा. थोडं कठीण आहे, अगदी पहिलं पुस्तक म्हणून नको. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा संदर्भ बघायला मोझिलानं सुरू केलेली एमडीएन ही वेबसाइट आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसची अधिकृत कागदपत्रं तर इतकी नीट लिहिली आहेत, की सुरुवातीचा ट्युटोरियलचा भाग मी वर्गात वाचून घेते.

प्रश्न : माझा सुताचा व्यापार आहे. वय पन्नाशीच्या पुढं. आवक, जावक, उधारी सगळं एक्सेलमध्ये ठेवतो, पण आता ते आवरत नाही. एकाच पार्टीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि उधारी तीन जागी दिसते. स्वतः डेटाबेस शिकायची इच्छा आहे. या वयात जमेल का, आणि कोणतं पुस्तक?
– एक व्यापारी, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. मुलांना एवढा नेमका प्रश्न विचारता येत नाही. एका पार्टीची तीन नावं, ही अडचण ज्याला रोज छळते त्याला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, कशासाठी असते हे समजावून सांगावं लागत नाही. वयाचं मनातून काढून टाका.

सर्व्हर वगैरे बसवत बसू नका. एसक्यूलाइट घ्या. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, फुकट आहे, आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही तो आधीपासून आहेच. पुस्तक म्हणून ॲलन ब्यूलीयू यांचं ‘लर्निंग एसक्यूएल’, तिसरी आवृत्ती, २०२० ची. त्यातली उदाहरणं मायएसक्यूएलवरची आणि सिनेमे भाड्यानं देणाऱ्या दुकानाची आहेत : ग्राहक, सिनेमा, कधी नेला, किती पैसे दिले. पार्टी, सुताचा काउंट, आवक-जावक असं मनात बदलून वाचा, फारसं अडणार नाही. एसक्यूलाइटमध्ये काही आज्ञा थोड्या वेगळ्या आहेत, पण सिलेक्ट आणि जॉइन तसेच चालतात.

दुकानात दुसरं कुठलं पुस्तक आवडलं तर त्यात आधी काही गोष्टी बघा. रकमेचा कॉलम कोणत्या प्रकारचा दाखवलाय? ‘फ्लोट’ असेल तर लेखकानं कधी खरं बिल केलेलं नाही असं समजा. फ्लोटमध्ये दशांश तंतोतंत साठत नाहीत, शून्य पूर्णांक एकमध्ये शून्य पूर्णांक दोन मिळवले तरी शेपटाला कचरा उरतो, आणि वर्षअखेरीला बेरीज पैशांनी चुकते. पैशाला ‘डेसिमल’ हवा. तुमच्या एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही, म्हणून तिथं रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा.

दुसरं, बिलाचं उदाहरण असेल तर दर कुठं ठेवलाय ते बघा. हे फार महत्त्वाचं आहे. समजा सुताचा दर फक्त मालाच्या टेबलात आहे आणि बिल तिथून उचलतं. उद्या दर वाढला आणि तुम्ही तो टेबलात बदलला, की मागच्या दिवाळीचं बिलही नव्या दरानं छापून येईल! पार्टी भांडायला येईल, आणि बरोबरच आहे तिचं. बिल केलं त्या दिवशीचा दर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवावा लागतो. जीएसटीच्या दराचंही तेच. एकच गोष्ट दोनदा लिहू नये हा नॉर्मलायझेशनचा नियम सगळी पुस्तकं शिकवतात. पण आजचा दर आणि त्या दिवशीचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे थोडीच सांगतात. जे सांगतं ते पुस्तक घ्या, थोडं महाग असलं तरी.

तिसरं, शेवटच्या सूचीत ‘नल’, म्हणजे रिकामी राहिलेली जागा, आणि ‘आउटर जॉइन’ शोधा आणि ती पानं वाचा. ‘या महिन्यात कोणत्या पार्टीनं काहीच माल नेला नाही’ हा तुमचा रोजचा प्रश्न असणार, आणि साध्या जॉइननं तो सुटत नाही. ज्यांनी माल नेला तेवढेच दिसतात. लेफ्ट आउटर जॉइन करून समोर नल आलेल्या ओळी निवडाव्या लागतात. तिथं ‘बरोबर नल’ असं चिन्ह देऊन लिहिलं तर एकही ओळ येत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं. हे दोन पानांत गुंडाळलेलं पुस्तक तुमच्या उपयोगाचं नाही.

प्रश्न : मुलगी म्हणते, एआयला विचारलं की कोड तयार मिळतो, पुस्तकाची गरज नाही. खरं आहे का?
– एक पालक, पंढरपूर

उत्तर : कोड मिळतो हे खरं. माझे विद्यार्थीही वापरतात, मी अडवत नाही. तिला एक करून बघायला सांगा. तिनं केलेल्या वेबसाइटची टेबलं कागदावर काढून, हा कॉलम या टेबलात का आहे आणि त्या का नाही, हे तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी ती कुठं अडखळते ते कळेल. जिथं अडखळेल ते प्रकरण पुस्तकातून वाचू दे, आणि खालचे प्रश्न एआय बंद ठेवून सोडवू दे. पुस्तक घेताना प्रकरणाखाली प्रश्न आहेत ना, एवढं मात्र बघा. बिनप्रश्नांचं पुस्तक तिच्या काही कामाचं नाही.

प्रश्न : आपल्याकडं दुकानांत फक्त परीक्षेची गाइडं दिसतात. पुण्याहून मागवावीत का?
– सात रस्ता

उत्तर : मागवण्यापेक्षा एकदा जाऊनच या. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघा, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं हाताळा, वर सांगितलेली पानं उभ्या उभ्या वाचा आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत या. ऑनलाइन घेताना मधली पानं क्वचितच बघायला मिळतात. परदेशी प्रकाशनांच्या भारतीय आवृत्त्या विचारा. ओरायलीची पुस्तकं मुंबईचं श्रॉफ पब्लिशर्स इथं छापतं, मूळ किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्तात. कागद साधा आणि छपाई काळी-पांढरी असते, शिकायला तेवढं पुरतं. जाण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना मात्र जरूर भेटा. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांची मागणी नोंदवून घेतात, आणि तिथं विद्यार्थ्यांची चिठ्ठी सहसा कुणी देत नाही. आवृत्तीचा क्रमांक लिहून द्या, नाहीतर जुनीच येईल.