घर मोजण्याआधी आजीला विचार

कोकणातल्या घरांवर प्रबंध लिहायचाय म्हणतोस, तर १९६४ सालच्या न्यूयॉर्कमधल्या बर्नार्ड रुडॉफ्स्कीच्या प्रदर्शनापासून सुरुवात करशीलच. सगळेच करतात. वास्तुविशारदाविना उभ्या राहिलेल्या घरांकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं, त्यात त्या प्रदर्शनाचा मोठा हात होता. पण तिथे होते मुख्यतः फोटो. घरात माणसं कशी वावरतात, हे फोटोत कुठून दिसणार? पुढे पॉल ऑलिव्हर यांनी १९९७ साली जगभरच्या लोकवास्तूंचा तीन खंडी कोश काढला. तो ग्रंथालयात बसून चाळ.

मग गुहागरकडे ये, पावसाळ्यात. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, पडवी किती भिजते, हे मे महिन्यात कळत नाही.

कौल उलटून बघ. खाली कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, तेव्हा मंगलोरी कौल दिसलं की छपराचं वय त्यानंतरचं. घराचं नव्हे! त्याआधी त्याच भिंतींवर नळीची कौलं किंवा पेंढा असू शकतो. वाशांवर जुन्या रिपांच्या, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, खिळ्यांची भोकं सापडतात का, बॅटरी मारून बघ.

मी पहिल्या नकाशात माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीवर ‘अडगळ’ लिहिलं होतं. घरातल्या आजी हसल्या, “अरे, ती बाळंतिणीची खोली. माझी चारही तिथलीच.” मोजायची टेप त्यानंतर काढायची. आणि चहाला नाही म्हणू नकोस.