कुत्रीला दोन वेतांत किती विश्रांती हवी?

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री तीन वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा व्याली, आठ पिल्लं झाली. आता ती पुन्हा माजावर आली आहे. नराचे मालक म्हणतात, लगेच क्रॉस करून घ्या. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा माज सोडून द्या. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची, म्हणजे आत्ता गाभण राहिली तर पहिल्या वेतानंतर सात महिन्यांतच दुसरं वेत होईल. आठ पिल्लं पाजताना, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट आहार लागतो. तो कमी पडला की शरीरातलं मांस आणि चरबी झडते, आणि ही झीज दूध सुटल्यावर दोन-तीन महिन्यांत भरून येईलच असं नाही. गर्भाशय ठीक असेल तर सलग दोन माज चालतात, असं मानणारे पशुवैद्य आहेत. पण तेही आधी कुत्रीची तब्येत पाहतात.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करताना कुत्री किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत घ्यावं, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नकोत आणि आठ वर्षांनंतर पैदास बंद. ही कमाल मर्यादा झाली. आमच्या मते लॅब्रॅडॉरची तीन वेतं पुरेत, तीही सहाव्या वर्षाच्या आत.

आता तीन आठवडे तिला मोकळी सोडू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. रक्त थांबलं की माज संपला असं वाटतं, पण पहिल्या आठ-दहा दिवसांनंतर स्राव फिकट होतो, ती शेपूट बाजूला घेऊन उभी राहते, आणि गाभण राहण्याचे दिवस तेच असतात. चुकून नर लागलाच तर दोघांना ओढून वेगळं करू नका, इजा होते. मनाने हार्मोनचं इंजेक्शनही देऊ नका, त्याने गर्भाशयात पू होऊ शकतो. सरळ पशुवैद्याकडे जा.

पुढच्या माजाआधी लसीकरण आणि जंतनिर्मूलन उरका. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढा, कारण या जातीत तो दोष आनुवंशिक असतो. ब्रुसेलाची, म्हणजे गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूसंसर्गाची, तपासणी नर-मादी दोघांची करा. क्रॉसचा नेमका दिवस ठरवायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासतात.

गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या मात्र देऊ नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून देणारी यंत्रणा सुस्तावते, आणि दूध उतरल्यावर रक्तातली पातळी एकदम घसरते. व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत कुत्री थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली, तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा.

प्रश्न : तब्येतीसाठी कुत्री एकदा तरी व्यायला हवी, हे खरं का?

उत्तर : नाही. वेताने तिच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. पिल्लं नको असतील तर माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करून घ्या. तोवर माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करा. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साचतो आणि स्राव दिसतच नाही.