मुलगा केस कापू देत नाही

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सलूनच्या दारातच किंचाळायला लागतो. मागच्या खेपेला आम्ही दोघांनी धरून ठेवलं आणि कशीबशी कटिंग उरकली. तेव्हापासून तो घरी कंगवासुद्धा लावू देत नाही. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : सर्वात आधी, धरून ठेवणं बंद करा. हिसका बसला की कात्री लागते. शिवाय डोक्याला हात लागला की आपल्याला जखडणार, असं मुलाच्या मनात बसतं. कंगव्याची भीती त्यातूनच आली असणार. झोपेत कापण्याचा सल्लाही कुणी देईल. तोही नको, दचकून उठला तर झोपायलाच घाबरेल.

हा हट्ट नाही. कानाशी मशीनची घरघर, मानेवर गार फवारा, गळ्याशी आवळलेलं कापड, टोचणारे बारीक केस, हे बऱ्याच स्वमग्न मुलांना फार तीव्रपणे जाणवतं. म्हणून ‘काही दुखत नाही’ असं त्याला सांगू नका.

तीन-चार आठवडे केस वाढू द्या. तेवढ्यात घरी ट्रिमरची सवय करा, रोज दोनच मिनिटं. आधी बंद ट्रिमर नुसता हाताळू द्या. मग तो शेजारच्या खोलीत चालू करा, नंतर त्याच खोलीत पण लांब. पुढे चालू ट्रिमरची पाठ, पातं नव्हे, त्याच्या तळहाताला लावा, मग दंडाला, खांद्याला आणि शेवटी मानेला. एक पायरी सलग तीन दिवस शांतपणे पार पडली तरच पुढची. रडू यायच्या आधीच थांबायचं. डोक्याला हात लावताना तळवा घट्ट दाबून ठेवा, हलका स्पर्श अशा मुलांना अनेकदा जास्त खटकतो.

कापायच्या दिवशी केसांना तेल नको. तेलकट केसांत पातं अडकतं आणि केस ओढले जातात. धुऊन पूर्ण वाळवा, पात्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, 4 नंबरचा गार्ड, म्हणजे पात्यावर बसणारी कंगव्यासारखी टोपी, लावा (साधारण 12 मिमी केस राहतात). पातं तापतं, म्हणून अधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. अंगात पुढून बटणांचा जुना सुती शर्ट घाला. टीशर्ट डोक्यावरून काढताना सगळे केस तोंडावर येतात. मान ब्रशने झाडू नका, कोरड्या मऊ फडक्याने टिपा आणि लगेच आंघोळ घाला.

सलूनमध्येच जायचं असेल तर मंगळवारी दुपारी जा. बरेच जण मंगळवार पाळतात, त्यामुळे गर्दी कमी असते. त्याआधी दोनदा नुसतं बसून या. कारागिराला आधीच सांगा : फवारा नको, पावडर नको, वस्तरा नको, गाणी बंद. कापताना मोठ्याने दहा अंक मोजा आणि दहाला हात थांबलाच पाहिजे, दोनच फटके उरले असले तरी. थांबतात हे कळलं की पुढचे दहा तो बसून राहण्याची शक्यता वाढते. नाहीच बसला, तर मागची बाजू उद्या.