घरात पडून असलेल्या जुन्या सायकलीला मोटर बसवून रोज कार्यालयात जाणे व्यवहार्य आहे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. दांड्यांच्या ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलीला मोटर बसवून रोजचा १६-१७ किलोमीटरचा प्रवास होईल का, देखभालीला काय लागते, आणि त्याऐवजी तयार इलेक्ट्रिक सायकल घेणे बरे का. शिवाय ‘मोटरच लावायची तर सरळ स्कूटर घे’ असे घरचे म्हणतात, हेही आपण लिहिले आहे. हेच वाक्य मी २०१७ पासून माझ्या थोरल्या भावाकडून ऐकत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माझी सायकल वडिलांची. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि कसबा पेठेतून रोज याच सायकलीने कामावर जात. २००६ मध्ये ते गेले. त्यानंतर अकरा वर्षे ती सायकल दादाच्या इमारतीत जिन्याखाली, एका जुन्या धोतराने झाकून उभी होती. दादाच्या शब्दांत ती ‘जपून ठेवलेली’ होती. मी धोतर काढले तेव्हा मागचे टायर रिमला चिकटून बसले होते, चेन हाताने वाकत नव्हती आणि सीटच्या स्प्रिंगांचा गंज हाताला येत होता. जपणे आणि झाकणे यांतला फरक मी त्याला त्याच दिवशी सांगितला. तो त्याला अजून मान्य नाही.

माझे घर बावधनला आणि कार्यालय डेक्कनजवळ. सकाळी उतार असतो. संध्याकाळी कोथरूड डेपोच्या पुढे चांदणी चौकापर्यंतचा चढ दमलेल्या माणसाची परीक्षा पाहतो. ही सायकल मुळात बावीस-तेवीस किलोंची आणि तिला गिअर नाहीत. म्हणून मी २५० वॅटची, ३६ व्होल्टची पुढच्या चाकात बसणारी हब मोटर घेतली. ही मोटर बसवताना जे घडले, ते आपल्यालाही टळणार नाही.

पहिली अडचण छिद्रांची. या घडणीच्या सायकलींच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० आरे असतात, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हब मोटरींना ३६ छिद्रे असतात, म्हणजे मोटर दोन्हींपैकी एकाही मूळ रिमवर बसत नाही. नवी रिम घ्यावी लागते, आणि दांड्यांचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला वर ओढला जाऊन लागत असल्यामुळे नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर तो निरुपयोगी ठरतो. तेव्हा पुढे कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक, बसवणे आले. दुसरी अडचण पायडलची. पायडल फिरते आहे हे मोटरला कळवणारी चुंबकांची चकती क्रँकमागे, म्हणजे पायडलच्या दांडीमागे, बसते. त्यासाठी क्रँक काढावा लागतो, आणि तो जागेवर धरणाऱ्या जुन्या कॉटर पिना सहजासहजी निघत नाहीत. माझी एक पिन ठोकताना वाकली आणि शेवटी ड्रिलने फोडून काढावी लागली.

तिसरी अडचण पुढच्या चिमट्याची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची, आणि माझी खरी चूक येथेच झाली. जुन्या चिमट्याची खाच सुमारे ८ मिलिमीटर रुंद असते, तर मोटरचा एक्सल (चाकाचा आस) १२ मिलिमीटर जाड असून त्याच्या सपाट केलेल्या बाजूंमधले अंतर १० मिलिमीटर असते. म्हणजे चिमट्याची खाच दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर कानसीने मोकळी करावी लागते. सायकल देताना दादाने एकच अट घातली होती, की बाबांच्या चिमट्याला कानस लावायची नाही. मी ती मान्य केली आणि चिमट्याऐवजी एक्सलच घासून घेतला. ज्याने तो घासला त्याने मला बजावले होते, की काम उलटे होते आहे. हाताने घासलेल्या बाजू समांतर राहिल्या नाहीत, कडा गोल झाल्या आणि खाचेत एक्सलला किंचित खेळ राहिला. टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पोलादी पट्टी, मी बसवलीच नाही, कारण ती पट्टी चिमट्याला आवळावी लागते आणि त्यावरचा जुना रंग दादाला जपायचा होता.

मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःच्या एक्सलला मागे फिरवू पाहते. चढावर मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३० न्यूटन-मीटर धरला, तर जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीच्या सपाट बाजूच्या कडांवर सुमारे ४०० किलोंचा रेटा येतो. तोच टॉर्क १० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीच्या टोकाला घेतला, तर तिथे ३० किलोच उरतात. हा हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. तो मला येत होता, आणि तरीही मी तो केला नाही.

२०१८ च्या जुलैमध्ये, संध्याकाळी सातच्या सुमारास, पावसात, त्याच चढावर पुढून ‘कडक’ असा आवाज आला आणि चाक अडखळले. एक्सल खाचेत गरकन फिरला होता. एक्सलच्या पोकळीतून बाहेर येणाऱ्या आठ तारा, तीन जाड आणि पाच बारीक, त्याच्याभोवती पिळल्या जाऊन कापल्या गेल्या. जाड तारेतला प्रवाह बारीक तारेत शिरला आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारी पेटी, जळाला. एका बाजूचा नट फिरून जवळजवळ सुटला होता. वेग दहा-बारा किलोमीटरचा होता म्हणून पाय टेकवता आला. सकाळी उतारावर हेच घडले असते तर चाक चिमट्यातून बाहेर पडले असते. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने मला जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण अयोग्यही नव्हते. तीस किलोंची सायकल ढकलत मी घरी पोहोचलो आणि त्याच रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, “तरी मी सांगत होतो, स्कूटर घे म्हणून.” आपल्या अटीविषयी त्याने अवाक्षर काढले नाही.

त्यानंतर मी नवा लोखंडी चिमटा घेतला, त्याच्या खाचा व्यवस्थित कानसून घेतल्या, नवी मोटर बसवली आणि दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावले. तेव्हापासून एक्सल हललेला नाही. महिन्यातून एकदा नट पान्याने तपासतो, एवढेच. आपल्या सायकलीचा चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा झटके शोषणारा असेल, तर पुढे मोटर बसवण्याचा विचार सोडून द्यावा. अ‍ॅल्युमिनियमची खाच आधी वाकून सूचना देत नाही, ती थेट तुटते.

बॅटरीविषयी लोक फार बोलतात. मी थोडक्यात सांगतो. ३६ व्होल्टच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते. माझी पहिली बॅटरी मी एका दुकानातून स्वस्तात घेतली. सात महिन्यांत तिने अर्ध्या वाटेत दम तोडायला सुरुवात केली. उघडून पाहिली तर निळ्या प्लास्टिकच्या आवरणाखाली तीन वेगवेगळ्या रंगांचे, लॅपटॉपमधून काढलेले सेल होते. नऊ गट ३.९ व्होल्टवर आणि एक गट ३.१ वर. असा एक दुबळा गट असला की बीएमएस, म्हणजे बॅटरीतली राखणदार सर्किट-पट्टी, सगळी बॅटरी बंद करते, मग बाकीचे नऊ कितीही धडधाकट असोत. १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलवर ९,९०० एमएएच छापलेले दिसले तर दुकानातून बाहेर पडावे, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० च्या वर जात नाही. दुसरी बॅटरी मी नव्या सेलची, डोळ्यांदेखत बांधून घेतली. ती चार वर्षे चालली. सध्या तिसरी आहे.

विजेचा खर्च विचारात घेऊ नये इतका कमी आहे. पायडल मारत गेल्यास मला किलोमीटरला १० ते १२ वॅट-तास लागतात, म्हणजे १६ किलोमीटरला पाव युनिटही नाही. खरा खर्च बॅटरीच्या घसाऱ्याचा आहे. प्रवासाहून आल्या आल्या, तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, महिनाभर सायकल वापरायची नसेल तर ती अर्धी भरून ठेवावी, एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी करू नये, आणि रात्री झोपताना घराच्या मुख्य दाराजवळ चार्जिंगला लावू नये, कारण आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाट तीच असते.

उरलेली देखभाल विजेची नसून सायकलीचीच आहे, आणि हे कोणी सांगत नाही. मोटर बसवल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये आरे सैल होतात. ते आवळून रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घेतला नाही तर ते एकेक करून तुटतात. पावसाळ्यात तारांची जोडणी खाली तोंड करून ठेवावी आणि तार कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. कंट्रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्याची हौस अनेकांना असते. आत दमट हवा कोंडून तो गंजतो. मोटर थरथरत जागच्या जागी अडखळू लागली तर ती जळाली असे समजून नवी घेऊ नये, आधी बारीक तारांची जोडणी पाहावी. बहुधा दोष तिथेच सापडतो. या मोटरींमध्ये नायलॉनची लहान दातेरी चाके असतात. मी दर दोन वर्षांनी ती उघडून ग्रीस बदलतो. आवाज किणकिणता झाला की वेळ आली असे समजावे.

ब्रेकविषयी मात्र मी हटवादी आहे. मागचा दांड्यांचा ब्रेक मी ठेवला आहे, पण ओल्या पोलादी रिमवर तो जवळजवळ लागत नाही. वडील पावसात पाय घासून थांबत आणि ते त्यांच्या वेगाला चालून जाई. २५ किलोमीटरच्या वेगाला तसे चालत नाही. पुढच्या कॅलिपरचे रबर मी झिजण्याची वाट न पाहता जूनच्या आरंभी बदलतो.

कायद्याचे विचाराल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेले, अर्धा तास सलग देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असलेले, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे आणि बॅटरी वगळून ६० किलोंपर्यंत वजनाचे बॅटरीवरचे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. म्हणून त्याला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. ‘कंट्रोलरची वेगमर्यादा काढून देतो’ असे सांगणारे भेटतील. ती काढली की आपण विनापरवाना, विनाविमा मोटार वाहन चालवत असता, आणि तेही दांड्यांच्या ब्रेकवर.

आता ‘मग स्कूटरच का नाही’ याविषयी. माझी बॅटरी संपली किंवा जळाली तरी मी घरी पोहोचतो, कारण ही मोटर बंद असताना चाकाला अडवत नाही. स्कूटर ढकलावी लागते. मला पार्किंगची जागा शोधावी लागत नाही. रोज चाळीस-पन्नास मिनिटे पाय हलतात, आणि पंचावन्नाव्या वर्षी तेवढेही पुष्कळ आहे. दादाचा अलीकडचा मुद्दा असा, की चिमटा बदलला, पुढचे चाक बदलले, ब्रेक बदलला, मग बाबांच्या सायकलीचे उरले काय? सांगाडा उरला आहे, हँडल, मागचे चाक, चामड्याचे सीट आणि घंटी उरली आहे. मागचे टायर तर बाबांनीही दर दोन-तीन वर्षांनी बदलले होते, आणि चेन किती वेळा बदलली ते त्यांनाही आठवत नसे. तेव्हा त्याने हा प्रश्न विचारला नव्हता.

तयार सायकल घ्यावी का, हे मी शेवटी ढकलले आहे, कारण त्याचे उत्तर आपल्या स्वभावावर आहे. मल्टिमीटर हातात धरण्याचा कंटाळा असेल, जवळपास आरे आवळून देणारा जाणता सायकलवाला नसेल, किंवा मागे मुलाला बसवून न्यायचे असेल, तर डिस्क ब्रेकची तयार सायकल घ्यावी. माझ्या हिशेबात पैसे फार वाचलेले नाहीत. निकामी झालेली मोटर, जळालेला कंट्रोलर आणि ती फसवी बॅटरी धरली तर उलट जास्तच गेले. संच बसवायचा ठरलाच, तर सायकल ज्यांच्याशी भावनेने जोडलेली आहे त्यांना खाच कानसावी लागेल, रंग उडेल, चाक बदलेल, हे आधी स्पष्ट सांगावे आणि ते नाही म्हणाले तर दुसरी जुनी सायकल शोधावी. कोणाचे मन राखण्यासाठी एक्सल घासू नये. आमचा मूळ चिमटा आता दादाकडे, जिन्याखाली, त्याच धोतरात गुंडाळून ठेवलेला आहे.

एक राहिले: टॉर्क आर्म घेताना ते पोलादाचे आहे ना, याची खात्री करून घ्यावी, दिसायला सारखेच असणारे अ‍ॅल्युमिनियमचेही काही ठिकाणी विकतात.